जपानी याकुझा सिनेमे, तेही कमी बजेटवाले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं हे याकुझांचे, म्हणजे जपानमधल्या गुंडांच्या टोळ्यांचे, सिनेमे बघतोय. ओळखीत कुणाला सांगितलं की तेच ते दहा-बारा प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. स्पॉयलर आहेत. पण या सिनेमांत कोण मरणार हे पहिल्या वीस मिनिटांत कळतंच, त्यामुळे फार मनावर घेऊ नका.

व्ही-सिनेमा व्ही-सिनेमा म्हणतात ते काय प्रकरण आहे?

व्ही म्हणजे व्हिडिओ. थेटरला न लावता सरळ कॅसेटवर काढलेला पिक्चर. तोएई नावाची जपानमधली मोठी जुनी कंपनी आहे, तिने १९८९ मध्ये 'क्राइम हंटर' नावाचा जेमतेम तासाभराचा पिक्चर असा काढला आणि तिथून हे सुरू झालं. व्ही-सिनेमा हे नाव खरं तर तोएईच्या मालकीचं, बाकीच्या कंपन्या आपापली वेगळी नावं लावायच्या, पण आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणायचे ना, तसं झालं.

यामागचं गणित सोपं होतं. थेटरचं भाडं नाही, शहरभर पोस्टर नाहीत, गिऱ्हाईक म्हणजे व्हिडिओ लायब्ररीवाला. एक कॅसेट दहा हजार येनच्या वर जायची, लायब्ररीवाला ती घेऊन भाड्याने वसूल करायचा. म्हणजे कव्हर बघून कॅसेट उचलली गेली पाहिजे एवढंच बंधन, आत दिग्दर्शकाने काय करायचं ते करावं. म्हणून यात अगदी टाकाऊ माल पण आहे आणि मधेच अचानक असा एखादा पिक्चर लागतो की आपण उठून बसतो.

आणि यातूनच एक वेगळीच स्टार मंडळी तयार झाली. शो आइकावा, ज्याला लोक व्ही-सिनेमाचा सम्राट म्हणतात, बारीक अंगाचा, आवाज असा की रात्रभर सिगरेट ओढून आलाय. आणि रिकी ताकेउची, कोट, मागे वळवलेले केस, आणि कपाळावरची शीर कायम फुगलेली.

'याकुझा' शब्दाचा अर्थ काय?

पत्त्यांतून आलाय. ओइचो-काबू नावाचा जुना जुगार आहे, त्यात पत्त्यांची बेरीज करून फक्त एककाचा आकडा धरतात. आठ, नऊ आणि तीन आले तर वीस, म्हणजे शून्य, म्हणजे सगळ्यात वाईट डाव. या आठ-नऊ-तीनला म्हणायचे या-कु-झा. वाया गेलेला डाव, वाया गेलेली माणसं. ते स्वतःला हा शब्द लावून घेत नाहीत फारसे, ते निंक्यो (म्हणजे दुबळ्यांच्या पाठीशी उभे राहणारे शूर) वगैरे भारदस्त बोलतात, आणि पोलिस त्यांना बोर्योकुदान म्हणतात, म्हणजे हिंसा करणारी टोळी. एकाच माणसाची तीन नावं, कोण बोलतंय त्यावर अवलंबून.

या सिनेमांत निष्ठा निष्ठा एवढं काय चाललेलं असतं?

हा खरा प्रश्न. सबटायटलमध्ये सगळीकडे लॉयल्टी लिहितात आणि सगळं सपाट होऊन जातं, मूळ भाषेत तिथे दोन वेगळे शब्द आहेत. एक गिरी आणि दुसरा निंज्यो. गिरी म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणं. ज्याने तुला रस्त्यावरून उचलून जेवू घातलं त्याचं देणं, मनात असो नसो, फेडायचं. निंज्यो म्हणजे आतून येणारी माया, ज्याच्यासाठी जीव तुटतो ते. आता गिरी सांगतेय की या माणसाला उडव, आणि तो निघतो तुझा जिवाभावाचा दोस्त, झाला पिक्चर. अख्खा जॉनर या एका पेचावर उभा आहे, बाकी गोळीबार वगैरे वरची फोडणी.

आणि नातं सगळं घरातलं आहे हे लक्षात घ्या. बॉसला ओयाबुन म्हणतात, त्यातलं ओया म्हणजे आई-बाप. हाताखालच्याला कोबुन, त्यातलं को म्हणजे मूल. सिनियरला आनिकी. सबटायटलवाले याचं ब्रो करतात आणि मला दर वेळी चीड येते, कारण मराठीत आपल्याकडे तयार शब्द आहे, दादा. सख्खा मोठा भाऊही दादा आणि गल्लीतला दादाही दादा, अगदी तोच दुहेरी अर्थ. बॉसच्या बायकोला आनेसान, म्हणजे सरळ वहिनी. मी आता डोक्यातल्या डोक्यात मराठी करतच बघतो आणि पिक्चर दुप्पट चांगला लागतो.

ते दारूच्या वाटीचं काय असतं, दर पिक्चरमध्ये येतं?

साकाझुकी. साके प्यायची छोटी वाटी, आणि तिचा विधी. हा नीट बघा कारण पुढचं सगळं यावर चालतं. मागे देवांच्या नावांचे लांब कागद टांगलेले, पुढे ताटात मीठ, अख्खा मासा, साके, दोन्ही बाजूंना काळ्या किमोनोत गुडघे मोडून बसलेली माणसं, आणि मध्ये एक जण लग्नातल्या भटजीसारखा विधी चालवणारा. बाप-लेकाचं नातं जोडायचं असेल तर बॉस थोडी पितो आणि उरलेली पोरगा एका दमात संपवतो, मग ती रिकामी वाटी कागदात गुंडाळून छातीशी कपड्यात ठेवतो. ती वाटी म्हणजे त्याचा करारनामा. लेखी काही नाही.

भावाभावांची असेल तर प्रमाण ठरतं. अर्धी-अर्धी म्हणजे बरोबरीचे भाऊ. सहा-चार, सात-तीन अशीही असते, म्हणजे कोण थोरला आणि किती थोरला ते दारूच्या मापावर. यावरून खरोखर भांडणं होतात पिक्चरमध्ये, की मला सहा-चार का, मी काय कमी आहे का, आणि सुरुवातीला हसू येतं पण भाऊबंदकीत बांधावरून कोयते निघतात हे ज्याने पाहिलंय त्याला अजिबात नवल वाटणार नाही.

नातं तोडायचं तर वाटी परत करतात. बॉसने हाकललं तर त्याला हामोन, त्याची पत्रं दुसऱ्या टोळ्यांना जातात की हा आता आमचा नाही, याला थारा देऊ नका. त्यातून परत यायची थोडी आशा असते. त्याच्यापुढचं झेत्सुएन, ते कायमचं.

माझी आई विचारते, हे सगळे सूट घालून नुसत्या मीटिंगाच का घेतात?

हा प्रश्न माझ्याच आईने विचारला होता, भाजी निवडत होती, दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाली, सोसायटीची जनरल बॉडी चाललीय का. बरोबर आहे हो. पैसे नाहीत म्हणून. गाड्यांचा पाठलाग परवडत नाही, स्फोट परवडत नाही, मग काय परवडतं, एक ऑफिस, चामड्याचे सोफे, काचेचा ॲशट्रे, भिंतीवर टोळीचं चिन्ह, आणि आठ माणसं. कॅमेरा लावा आणि बोलू द्या.

पण माझं म्हणणं असं की हाच यांचा सगळ्यात मोठा फायदा आहे. गद्दारी ही काही भर चौकात होत नाही, ती बंद खोलीत होते, कोण कुणाच्या आधी उठला, कुणी कुणाची सिगरेट पेटवून दिली आणि कुणी मुद्दाम नाही दिली, यात होते. मोठ्या बजेटचा पिक्चर हे दाखवायला थांबतच नाही, त्याला पुढच्या ॲक्शनची घाई. यांना घाईच नाही कारण पुढे ॲक्शनला पैसेच नाहीत! म्हणून मग दोन माणसं समोरासमोर बसतात आणि आपल्याला कळतं की यांच्यातला एक जण दुसऱ्याला विकून आलाय, आणि दुसऱ्यालाही ते कळलंय, आणि तरी तो चहा संपवतोय.

हे सगळं सुरू कुठून झालं?

साठच्या दशकात तोएईनेच निंक्यो सिनेमे काढले. जुना काळ, किमोनो, तलवार, सज्जन जुगारी हिरो आणि नव्या जमान्याचा लोभी व्हिलन. हिरो सहन करतो, सहन करतो, सहन करतो, आणि शेवटी पावसातून नाहीतर बर्फातून एकटा किंवा एका साथीदाराला घेऊन चालत जाऊन सगळ्यांना कापतो. स्टार म्हणजे केन ताकाकुरा, कोजी त्सुरुता, आणि बायकांत जुन्को फुजी. नुसत्या 'आबाशिरी तुरुंग' या एका मालिकेचे १९६५ ते १९७२ मध्ये १८ पिक्चर आले, यावरून मागणी समजा. कारखाना होता तो. गंमत म्हणजे डाव्या विद्यार्थी चळवळीतली पोरंही ताकाकुरावर फिदा आणि उजव्या टोकाचे लेखक युकिओ मिशिमा त्सुरुताच्या एका पिक्चरवर भरभरून लिहितात. दोघांनाही त्या सहन करणाऱ्या माणसात आपापलं काहीतरी दिसत होतं.

मग सत्तरच्या दशकात हे शिळं झालं आणि १९७३ च्या जानेवारीत 'जिंगी नाकी तातकाई' आला.

त्यात एवढं काय आहे, सगळे त्याचंच नाव घेतात?

नाव घ्यायलाच पाहिजे. जिंगी म्हणजे यांचा तो धर्म, इमान, रीतभात, आणि नाकी म्हणजे नसलेली. इमान नसलेली लढाई. दिग्दर्शक किंजी फुकासाकू, पटकथा काझुओ कासाहारा, हिरो बुन्ता सुगावारा. गोष्ट खऱ्या माणसाची, हिरोशिमा भागातल्या एका याकुझाने तुरुंगात आठवणी लिहिल्या, त्यावर एका साप्ताहिकात लेखमाला आली आणि त्यावरून पिक्चर. आणि कासाहाराने आधीच्या निंक्यो सिनेमांचंही लिखाण केलेलं, म्हणजे ज्याने देव्हारा बांधला त्यानेच तो फोडला.

पहिली फ्रेमच अणुबॉम्बचा ढग. मग १९४६ मधलं कुरे गाव, हिरोशिमाजवळचं नौदलाचं बंदर, काळा बाजार, चिखल, धक्काबुक्की, कॅमेरा हातात धरलेला आणि असा हलतोय की कॅमेरामनलाच कुणीतरी ढकलतंय. माणूस मेला की चित्र थिजतं आणि पडद्यावर नाव आणि मेल्याची तारीख येते, पंचनाम्यासारखी. पहिल्यांदा बघताना निम्मी नावं डोक्यावरून जातात, जाऊ द्या.

पण मला त्यातला बॉस सगळ्यात आवडतो, यामामोरी. नोबुओ कानेको या नटाने काय केलंय! घाबरट, चिक्कू, रडका. पोरांना सांगतो की अमुक माणसाला उडवला पाहिजे नाहीतर मी मेलो, आणि बायकोसकट गळा काढतो. हिरो शोझो विरघळतो आणि म्हणतो मी जातो. यामामोरी म्हणतो, तू तुरुंगातून सुटून ये, माझं जे आहे ते सगळं तुझं. एवढ्या सीनमध्ये आधीच्या दहा वर्षांचे सगळे पिक्चर निकालात काढलेत, कारण पोरगा अजून गिरीच्या जगात राहतोय आणि बाप केव्हाच दुकानदार झालाय. असा साहेब ज्याने नोकरीत भोगलाय त्याला यामामोरी समजावून सांगावा लागत नाही, माझा एक होता, अप्रेजलच्या वेळी डोळ्यांत पाणी आणायचा.

शेवट सांगू का? सांगतो. मित्राच्या मयतीला मोठा मंडप, फुलांची चक्रं, ज्यांनी त्याला मारायला लावलं तेच पहिल्या रांगेत मान खाली घालून. शोझो आत येतो, पिस्तूल काढतो आणि त्या सजवलेल्या वेदीवरच गोळ्या झाडतो, माणसांवर नाही. यामामोरी ओरडतो तर वळून म्हणतो की गोळ्या अजून शिल्लक आहेत. आणि जातो निघून. याचे दीड वर्षात एकूण पाच भाग काढले, जानेवारी १९७३ ते जून १९७४, आजकाल तेवढ्यात एका पिक्चरची पटकथा पण होत नाही.

बोटं का कापतात?

चूक केली की करंगळीचं पेर कापून बॉसला द्यायचं, माफीनामा म्हणून. म्हणतात की करंगळी गेली की तलवारीची पकड सुटते, म्हणजे माणूस जास्तच बॉसच्या आसऱ्यावर. सिनेमात हे नेहमी फार गंभीर असतं, फक्त वर सांगितलेल्या पिक्चरमध्ये शोझो बोट कापतो आणि तुकडा उडून अंगणात जातो, सगळे गुंड चार पायांवर शोधतायत, आणि सापडतं कुठे तर कोंबड्यांपाशी. मी रिवाइंड करून तीनदा बघितलं.

मिइके, कुरोसावा वगैरे मोठी नावं इथूनच आली का?

हो. ताकाशी मिइके व्हिडिओच्या कारखान्यातच घडला, वर्षाला चार-पाच पिक्चर काढायचा. 'डेड ऑर अलाइव्ह', १९९९, यात त्याने आइकावा आणि ताकेउची दोघांना समोरासमोर आणलं, त्या वेळच्या लायब्ररीवाल्यांसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती. पहिली सहा-सात मिनिटं नुसता वेड लागल्यासारखा मारा, मग बराच वेळ शांत, जवळजवळ उदास पिक्चर, आणि शेवटचा सीन मी इथे मुद्दाम सांगणार नाही कारण तो सांगून कुणाचा विश्वास बसत नाही.

कियोशी कुरोसावा (जुन्या प्रसिद्ध दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा नातेवाईक नाही, हाही कायम येणारा प्रश्न) वेगळ्या मातीचा. १९९८ मध्ये त्याने आइकावालाच घेऊन 'सर्पाची वाट' आणि 'कोळ्याचे डोळे' असे दोन लागोपाठ काढले, दोन्हींची सुरुवात मारल्या गेलेल्या मुलीच्या सुडापासून, आणि पुढे दोन्ही पार वेगवेगळ्या दिशेला. रिकामी गोदामं, लांबून लावलेला स्थिर कॅमेरा. पैसे नाहीत तर रिकामी जागाच भीतीदायक करून टाकली.

आजही असे सिनेमे निघतात?

निघतात की. 'निहोन तोइत्सू', म्हणजे जपानचं एकीकरण, २०१३ पासून चालू आहे आणि साठच्या वर भाग झालेत. योकोहामाची दोन उनाड पोरं, हिमुरो आणि तामुरा, कोबेला जातात, तिथल्या मोठ्या टोळीत शिरतात आणि अख्ख्या जपानचं अंडरवर्ल्ड एका छत्राखाली आणायचं ठरवतात. नट यासुकाझे मोतोमिया आणि योशियुकी यामागुची. एक डोकं चालवणारा, एक हात चालवणारा. सगळं काही चकाचक नाहीये, प्रकाशयोजना ट्यूबलाइटची वाटते, मारामारी बेताची, पण लोक बघतात ते त्या दोघांसाठी. बाकी टोळ्या फुटतात, बॉस बदलतात, भाऊ भावाला विकतो, हे दोघे एकमेकांना सोडत नाहीत. संध्याकाळच्या मालिकेसारखं व्यसन आहे, बायकांच्या जागी गुंड आणि दागिन्यांच्या जागी टॅटू एवढाच फरक.

सलग बघू नका मात्र. मी एका पावसाळ्यात आठ भाग लागोपाठ बघितले आणि कुठली टोळी कुणाची हे वहीत लिहायला लागलो होतो.

बायकांना यात काही काम असतं का?

बहुतेकांत नाही, खोटं कशाला बोलू. बारमध्ये दारू ओतणारी नाहीतर रडणारी. साठच्या दशकातला जुन्को फुजीचा 'लाल पिओनी जुगारी' अपवाद, खांद्यावर फुलाचा टॅटू आणि हातात पत्ते. आणि १९८६ पासूनचे 'गोकुदोच्या बायका' (गोकुदो म्हणजे याकुझाच), शिमा इवाशिता किमोनोत येऊन असा आवाज चढवते की खोलीतले सगळे दादा गप्प.

खरे याकुझा असेच असतात का?

आता फारसे उरलेच नाहीत. पोलिसांच्या आकड्यांप्रमाणे १९६३ मध्ये १ लाख ८४ हजारांच्या आसपास होते, आता वीस हजारांच्याही खाली आलेत. १९९२ मध्ये टोळीविरोधी कायदा लागू झाला, २०११ पर्यंत सगळ्या प्रांतांत असे नियम आले की याकुझाशी धंदा करणाराच अडकतो. म्हणजे बँकेत खातं नाही, भाड्याने घर नाही, मोबाइल स्वतःच्या नावावर मिळत नाही. टोळी सोडली तरी साधारण पाच वर्षं तेच बंधन. गोळीपेक्षा फॉर्मवरची एक चौकट भारी पडली, 'माझा टोळीशी संबंध नाही' असं लिहून खाली सही करायची.

आणि सिनेमावाल्यांशी त्यांचं नातं नेहमी गोडच होतं असं नाही. जुझो इतामी या दिग्दर्शकाने १९९२ मध्ये 'मिन्बो' काढला, त्यात याकुझा रुबाबदार वगैरे नाहीत, हॉटेलात येऊन आरडाओरडा करून पैसे उकळणारे फालतू गुंड दाखवले. काही दिवसांतच टोळीच्या माणसांनी त्याच्यावर घराजवळ चाकूहल्ला केला, चेहऱ्यावर वार केले. शेकडो पिक्चरमध्ये मारेकरी दाखवले ते चाललं, फालतू दाखवलं ते नाही चाललं.

काही शब्द सांगा ना, सबटायटलमध्ये कळत नाहीत.

शिमा म्हणजे आपला इलाका. मिकाजिमे म्हणजे हप्ता. शिनोगी म्हणजे ज्याचा त्याचा धंदा, कमाईची वाट. कुमिचो टोळीचा प्रमुख आणि वाकागाशिरा त्याच्या खालचा, पुढचा वारसदार, आणि म्हणून अर्थातच सगळ्यात आधी मरणारा. काचिकोमी म्हणजे दुसऱ्याच्या ऑफिसवर घुसणं. आणि तेप्पोदामा, शब्दशः बंदुकीची गोळी, म्हणजे ज्याला मारायला पाठवतात तो कोवळा पोरगा. गोळी म्हणतात कारण ती परत येत नाही. त्याला आदल्या रात्री चांगलं जेवायला घालतात, नवा सूट देतात, दादा लोक पाठीवर थाप मारतात. नवा सूट घातलेला पोरगा दिसला की समजायचं.

मुलांसोबत बघता येतील?

नाही.

एकच बघायचा असेल तर कुठला?

'जिंगी नाकी तातकाई'चा पहिला भाग, इंग्रजी सबटायटलवाली डिस्क परदेशातून निघालेली आहे, चांगली प्रिंट आहे. तो झेपला तर 'डेड ऑर अलाइव्ह'. निंक्यो सिनेमे तिसऱ्या नंबरवर ठेवा, आधी बघितलेत तर ते संथ वाटतील, नंतर बघितलेत तर पावसातून चाललेल्या ताकाकुराकडे बघताना मनात यामामोरीचं रडं वाजत राहतं. आणि पहिल्यांदा बघताना मोबाइल लांब ठेवा, कारण कुणी कुणाची सिगरेट पेटवली नाही हे एकदा चुकलं की पुढचा अर्धा तास कळत नाही.